खाली कुणीच आलं नाही तर?

मावसबहिणीचा फोन आला तेव्हा आईचा नुकताच डोळा लागला होता, म्हणून मी दबक्या आवाजात बोलत होते. ती मात्र भरभरून बोलत होती. "ताई, नात्यातल्या सगळ्यांच्या सहली तूच आखतेस. तिकिटं, हॉटेलं, कुठे किती दिवस राहायचं, सगळं तू बघतेस. आणि तेही फुकट. त्याचेच पैसे मिळाले तर?"

हे ऐकून मला मनापासून बरं वाटलं. आईच्या आजारपणामुळे नोकरी सोडून आठ महिने झाले होते. दिवसातून चार-पाच तास मिळायचे, पण तुकड्यातुकड्यांनी. अशा वेळात घरबसल्या जमेल असं काम मी शोधतच होते. शिवाय प्रवास आखणं ही माझी लहानपणापासूनची आवड. रेल्वेचं वेळापत्रक मी गोष्टीच्या पुस्तकासारखं वाचत बसायचे.

तिने योजना सांगितली ती अशी. एकदा प्रवेश शुल्क भरायचं, मग दर महिन्याला ठरावीक रक्कम. त्या बदल्यात आपल्या नावाची बुकिंगची वेबसाइट मिळते, 'ट्रॅव्हल एजंट' लिहिलेलं ओळखपत्र मिळतं आणि त्या साइटवरून कुणी बुकिंग केलं की कमिशन. आपण आणखी माणसं जोडली तर त्यांच्यामुळेही वाटा मिळतो. तीन माणसं जोडली की आपलं मासिक शुल्क माफ. ती स्वतः सहा आठवड्यांपूर्वीच सामील झाली होती आणि मी तिच्या तिघांपैकी एक व्हावं अशी तिची इच्छा होती.

मी महिनाभराची मुदत मागितली. तिला वाटलं, मी टाळतेय. मी म्हटलं, "अगं, टाळायचं असतं तर आत्ताच नाही म्हटलं असतं. मला खरंच समजून घ्यायचंय." आणि ते खरं होतं. त्या महिन्यात मी एक शंभरपानी वही भरली.

पहिली बैठक ऑनलाइन होती. नोकरीत मीटिंगची टिपणं काढायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे घड्याळ बघून नोंदी करायची सवय होती. बैठक ५२ मिनिटं चालली. त्यातली ७ मिनिटं प्रवासाबद्दल होती : समुद्रकिनारे, जहाजं, हसरी कुटुंबं. बाकी सगळा वेळ माणूस कसा जोडायचा, तो जोडला की काय मिळतं, त्याने पुढे माणूस जोडला की काय मिळतं, आणि वरच्या पायऱ्यांवर पोहोचलेल्यांची मनोगतं यात गेला. एका गृहस्थांनी नोकरी सोडल्याचं सांगितलं. आता मुलांना वेळ देता येतो, हे बोलताना त्यांचा आवाज दाटून आला. ते खोटं बोलत होते असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. शेवटी मी चॅटमध्ये एक प्रश्न लिहिला : "सर, मागच्या महिन्यात तुम्हाला मिळालेल्या रकमेपैकी प्रवाशांच्या बुकिंगमधून किती आली आणि नवीन सदस्यांमुळे किती?" उत्तर आलं नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, असे तपशील आपण वैयक्तिक बोलू.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. त्या माझ्या बहिणीच्या अपलाइन, म्हणजे साखळीत तिच्या वरच्या सदस्य. बोलायला गोड, समोरच्याचं ऐकून घेणाऱ्या. आईची चौकशीही त्यांनी मनापासून केली. पण कालच्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा नाहीच. "मॅडम, आधी विश्वास, मग आकडे," असं त्या म्हणाल्या. मी त्यांच्याकडे कमिशनची लेखी योजना मागितली. ती त्यांनी लगेच पाठवली याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. ३१ पानं होती. दोनदा वाचली. बुकिंगवरच्या कमिशनचा भाग दीड पानाचा होता. उरलेली पानं पायऱ्या, बोनस, डाव्या-उजव्या लेगचा (आपल्या खालच्या दोन फांद्यांचा) तोल आणि पात्रतेच्या अटी यांनी भरलेली.

त्या रात्री वहीच्या पानावर मी एकच प्रश्न मोठ्या अक्षरात लिहिला : *माझ्या खाली कुणीच आलं नाही, तर मला प्रवाशांकडून किती मिळेल?* पुढचा सगळा हिशेब त्या एका प्रश्नाभोवती फिरला.

मासिक शुल्काला मी १ भाग धरलं, म्हणजे आकडे डोळ्यांपुढे सुटसुटीत राहतात. प्रवेश शुल्क ८ भाग होतं. बारा महिन्यांचे १२ मिळवले की पहिल्या वर्षाचा खर्च २० भाग. वार्षिक संमेलनाला जायचा-राहायचा खर्च वेगळा. ते 'ऐच्छिक' होतं, पण न जाणारे मागे पडतात हे प्रत्येक बैठकीत सांगितलं जात होतं.

आता मिळकत. मी कुटुंबासाठी करत होते तसं तीन रात्रींचं साधं हॉटेल बुकिंग करांसह ९ भागांचं व्हायचं. कमिशन करांवर मिळत नाही, मूळ भाड्यावर मिळतं. ते ८ भाग. हॉटेलकडून साधारण १० टक्के म्हणजे ०.८ भाग कंपनीला येणार. त्यातला ६० टक्के वाटा सदस्याचा, म्हणजे ०.४८. पहिल्या वर्षाचे २० भाग भरून काढायला अशी ४२ बुकिंगं लागतात. ४२ बुकिंगं झाल्यावर माझ्या हाती शून्य. कमाई ४३व्या बुकिंगपासून. मागच्या वर्षी मी १७ कुटुंबांच्या सहली आखल्या होत्या, पण त्यातली ६ कुटुंबं नातेवाइकांकडे उतरली. हॉटेलात राहिलेली ११. त्या ११ जणांचे होतात ५.२८ भाग. म्हणजे ज्या कामाचं आज मला काही मिळत नाही, तेच काम केल्याबद्दल मी वर्षाला जवळपास १५ भाग पदरचे घालणार होते.

अपलाइन बाईंचं यावर म्हणणं होतं की मोठी बुकिंगं करा, क्रूझ विका. बरोबर आहे, क्रूझवर कमिशन चांगलं असतं. तिथेही बंदराचे आकार आणि कर वगळूनच ते मोजतात. ४० भागांचं कमिशनपात्र भाडं आणि १२ टक्के दर धरला तर सदस्याला २.८८ भाग. नुसता खर्च भरून काढायला वर्षात ७ क्रूझ विकाव्या लागतील. माझ्या ओळखीत त्याआधी एकही माणूस क्रूझवर गेला नव्हता.

मग दुसऱ्या बाजूचा हिशेब केला. एक माणूस जोडला की दीड भाग बोनस. तिघांचे साडेचार. ते तिघे वर्षभर टिकले तर माझं १२ भागांचं मासिक शुल्क माफ. एकूण साडेसोळा भाग. तेवढे पैसे हॉटेलच्या बुकिंगमधून मिळवायचे तर ३५ बुकिंगं करावी लागतात. म्हणजे ज्याला थोडाही हिशेब कळतो तो ३५ प्रवासी शोधणार नाही, तीन माणसं शोधेल. योजनेत कुठेही 'प्रवास विकू नका' असं लिहिलेलं नव्हतं. पण आकडेच माणसाला त्या दिशेला ढकलत होते. आणि त्या तिघांनी पहिल्या वर्षी मिळून ६० भाग भरलेले असणार. माझे साडेसोळा भाग कुठून येणार होते ते तिथेच दिसत होतं. कुठल्याही प्रवाशाच्या खिशातून ते आलेले नव्हते.

ही गोष्ट कळल्यावर मला रात्री झोप लागली नाही, कारण त्या तिघांच्या जागी मला खरे चेहरे दिसत होते.

सकाळी उठून मी वहीत सदस्यांच्या साखळीचं झाड काढलं. एक माणूस तीन आणतो, ते प्रत्येकी तीन : १, ३, ९, २७, ८१. एकूण १२१ माणसं. त्यातली ८१ शेवटच्या ओळीत, म्हणजे त्यांच्या खाली कुणीच नाही. आणखी एक ओळ वाढवली तर ३६४ पैकी २४३. झाड कितीही वाढवा, प्रत्येक जण अगदी न चुकता आपले तीन आणतोय असं धरलं तरी दर तिघांमधले दोघे कायम तळालाच असतात. त्यांचं मासिक शुल्क माफ होत नाही, ते भरत राहतात. हे कुणी आळशी आहे म्हणून होत नाही, आकृतीच तशी आहे. "ज्यांनी मेहनत केली नाही तेच अपयशी ठरले" हे वाक्य मी त्या महिन्यात निदान दहा वेळा ऐकलं. त्याचा मला मनापासून राग आला, कारण तळाशी राहिलेला माणूस पैसेही गमावतो आणि वर दोषही स्वतःलाच देत बसतो. आणि झाड २२व्या ओळीपर्यंत न्यायचं ठरवलं तर त्या एका ओळीत १,०४६ कोटी माणसं लागतात. पृथ्वीवर तेवढी माणसंच नाहीत.

हे सगळं मी बहिणीला फोनवर सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "पण ताई, प्रवास तर खरा आहे ना? हॉटेल खरं आहे, तिकीट खरं आहे." तिचा मुद्दा रास्त होता. माल खरा आहे म्हणजे धंदा खरा आहे का, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. म्हणून मी जुने निकाल शोधले.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ साली कॉस्कॉट नावाच्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या प्रकरणात जी कसोटी लावली ती आजही वापरली जाते. माणूस पैसे भरतो आणि त्याबद्दल त्याला दोन हक्क मिळतात : माल विकण्याचा, आणि नवे सदस्य आणल्याबद्दल मोबदला घेण्याचा. तो मोबदला खऱ्या ग्राहकाला झालेल्या विक्रीशी जोडलेला नसेल, तर तो पिरॅमिड, म्हणजे नव्या सदस्यांच्या पैशांवर चालणारी साखळी. माल खरा होता की खोटा हा प्रश्न तिथे निर्णायक नाही. १९७९ साली ॲमवेच्या प्रकरणात त्याच आयोगाने ती कंपनी पिरॅमिड नाही असं ठरवलं. त्यामागे तीन नियम होते : घेतलेल्या मालापैकी निदान ७० टक्के माल दर महिन्याला विकलेला असावा, महिन्यात निदान १० किरकोळ ग्राहकांना विक्री झालेली असावी, आणि सोडून जाणाऱ्याचा न खपलेला माल परत घेतला जावा. प्रवासाच्या योजनेत गुदामात पडून राहणारा माल नसतो, त्यामुळे पहिला आणि तिसरा नियम तसाच्या तसा लागू करता येत नाही. पण दहा ग्राहकांचा नियम लागू करता येतो. मी बहिणीला विचारलं, तुझ्या टीममध्ये एका महिन्यात दहा बाहेरच्या, सदस्य नसलेल्या माणसांनी बुकिंग केलेलं कुणी आहे का? तिने दोन दिवस चौकशी केली. एकही नाव मिळालं नाही.

प्रवासाच्याच योजनांचे निकालही सापडले. २००८ साली कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी वायटीबी या कंपनीवर दावा लावला. घरबसल्या ट्रॅव्हल एजंट होण्याची हीच कल्पना : प्रवेशाचे सुमारे ४५० डॉलर आणि महिन्याला सुमारे ५० डॉलर. दाव्यात दिलेले आकडे मी वहीत उतरवून घेतले. २००७ मध्ये दोन लाखांहून अधिक सदस्य होते. त्यातल्या केवळ ३८ टक्के लोकांना प्रवासाचं काही ना काही कमिशन मिळालं, आणि ज्यांना मिळालं त्यांचीही मध्यगा वर्षाला ३९ डॉलर, म्हणजे त्यातल्या निम्म्यांना त्याहून जास्त मिळालं नाही. वेबसाइटच्या एका महिन्याच्या शुल्कापेक्षाही हे कमी. पुढच्या वर्षी तडजोड होऊन तो दावा मिटला. नॉर्वेमध्ये २०१४ साली तिथल्या लॉटरी प्राधिकरणाने वर्ल्डव्हेंचर्स या प्रवास-सदस्यत्वाच्या कंपनीला बेकायदा पिरॅमिड ठरवलं, कारण पैसा मुख्यतः सदस्य जोडण्यातून येतो असा निष्कर्ष निघाला. भारतात १९७८चा पैशाच्या साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा आहे आणि थेट विक्रीबाबतच्या २०२१च्या नियमांतही पिरॅमिडला मनाई आहे. देश वेगळे, कायद्यांची भाषा वेगळी, पण विचारलेला प्रश्न सगळीकडे एकच : पैसा कुणाकडून येतो?

माझ्या बहिणीची कंपनी यांपैकी नव्हती, आणि तिच्यावर कुठला निकाल लागलेलाही मला आढळला नाही. हे मी तिला स्पष्ट सांगितलं. निकाल नाही म्हणजे ती स्वच्छ आहे असंही होत नाही, एवढंच.

ओळखपत्राचं वेड बैठकीत फार होतं. कार्ड दाखवलं की हॉटेलं आणि क्रूझवाले सवलत देतात, असं सांगितलं जायचं. या क्षेत्रात अशा कार्डविक्रीला 'कार्ड मिल' म्हणतात आणि खरे पुरवठादार त्यावर चिडून असतात. अमेरिकेत आयाटान या ट्रॅव्हल एजंटांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचं जे कार्ड खरोखर मानलं जातं ते मिळवायला आठवड्याला निदान २० तास काम आणि वर्षाला निदान ५,००० डॉलरची कमिशनची कमाई दाखवावी लागते. पैसे भरून पहिल्याच आठवड्यात हातात येणाऱ्या कार्डाची किंमत त्यावरून समजावी. 'घरचा प्रवास धंद्याचा खर्च म्हणून दाखवा' हा सल्ला तर मी आमच्या कर-सल्लागारांनाच विचारला. ते म्हणाले, स्वतःच्या साइटवरून तिकीट काढल्याने सुट्टी हा व्यवसाय होत नाही. कंपनीच्या वेबसाइटचे दर पाच हॉटेलांसाठी पडताळले : इतर ठिकाणांपेक्षा स्वस्त एकच मिळालं, आणि ते बुकिंग रद्द केल्यास पैसे परत न मिळणारं होतं.

या सगळ्यात सर्वांत जास्त शिकवलं ते एका ज्येष्ठ एजंटांनी. वडिलांच्या ओळखीचे, पस्तीस वर्षं याच व्यवसायात. मी त्यांना 'काका' म्हणते. मी भीतभीत विचारलं की मला हे काम शिकता येईल का. त्यांनी दोन तास दिले.

काकांचं पहिलं वाक्य असं होतं : "विमानाच्या तिकिटावर पोट भरायचे दिवस गेले." पूर्वी तिकिटाच्या १० टक्के कमिशन हा रिवाज होता. १९९५च्या फेब्रुवारीत अमेरिकेत डेल्टा एअरलाइन्सने देशांतर्गत परतीच्या तिकिटाला ५० डॉलरची कमाल मर्यादा घातली, इतर कंपन्या मागोमाग आल्या. २००२च्या मार्चमध्ये डेल्टाने मूळ कमिशनच बंद केलं. ते लोण पुढे जगभर पसरलं. म्हणून आता एजंट प्रवाशाकडून सेवा शुल्क घेतो आणि हॉटेलं, टूर, क्रूझ, विमा यांच्या कमिशनवर तगतो. माझ्या बहिणीच्या बैठकीत मात्र 'जगात रोज लाखो लोक विमानाने उडतात, प्रत्येक तिकीट म्हणजे कमिशन' असं सांगितलं गेलं होतं.

मग त्यांनी मला एक खरा प्रवास आखायला दिला. दोन ज्येष्ठ प्रवासी, परदेश, मध्ये एक विमानबदल. मी तासाभरात स्वस्त पर्याय शोधून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "ही दोन तिकिटं एका पीएनआरवर आहेत का?" नव्हती. वेगवेगळी काढलेली होती म्हणून तर स्वस्त होती. पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर दुसरी कंपनी त्यांना नो-शो (आलेच नाहीत असं) धरेल आणि पुढचं तिकीट बुडेल. सामान शेवटच्या ठिकाणापर्यंत जाईलच असं नाही. ते मध्ये उतरवून घ्यायचं तर त्या देशात प्रवेश करावा लागेल, म्हणजे नुसता ट्रान्झिट व्हिसा पुरणार नाही. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने उरते का हे मी बघितलंच नव्हतं. एकीच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव होतं, तिकिटावर मी नवऱ्याचं लिहिलं होतं. "ही दोन म्हातारी माणसं रात्री दोन वाजता परक्या विमानतळावर अडकली, तर फोन कुणाला करणार? तुला. त्याचेच तर आपण पैसे घेतो," काका म्हणाले.

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं नाही, गरजच पडली नाही. त्यांनी २०२०चं वर्षही सांगितलं. प्रवास बंद झाला तेव्हा जे कमिशन मिळालेलं होतं ते रद्द बुकिंगांमुळे परत द्यावं लागलं, आणि वर कित्येक महिने प्रवाशांचे रिफंड मिळवण्यासाठी बिनपैशाचं काम. हॉटेलचं कमिशन प्रवासी राहून गेल्यावरच हातात पडतं, हेही त्या दिवशी कळलं. म्हणजे आज केलेल्या कामाचे पैसे चार महिन्यांनी. 'पहिल्याच आठवड्यात कमाई' या व्यवसायात प्रवाशांकडून होतच नाही. पहिल्या आठवड्यात येतो तो माणूस जोडल्याचा बोनस.

मला घरूनच काम हवं होतं, तर त्याचाही खरा मार्ग काकांनी दाखवला. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची मान्यता स्वतः घ्यायची तर बँक हमी, लेखे, दर ठरावीक मुदतीला बीएसपी या तिकिटांचे हिशेब चुकवण्याच्या व्यवस्थेमार्फत पैसे चुकते करणं, हे एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचं. त्याऐवजी मान्यताप्राप्त एजन्सीचा सब-एजंट व्हायचं. परदेशांत यालाच होस्ट एजन्सी म्हणतात. तिथेही शुल्क असू शकतं, आणि शुल्क आहे म्हणून ती लबाडी ठरत नाही. मी तीन एजन्सींशी बोलले आणि तिघांनाही तेच विचारलं : कमिशनची वाटणी किती? पैसे कधी? प्रवाशाचं नुकसान झालं तर जबाबदारी कुणाची, विमा आहे का? मी सोडून गेले तर माझे ग्राहक कुणाचे? आणि शेवटी, मी कुणालाही जोडलं नाही तर काही फरक पडेल का? शेवटच्या प्रश्नावर तिघांनीही मला 'म्हणजे?' असं विचारलं. त्यांना तो प्रश्नच कळला नाही. त्या 'म्हणजे?'ने माझा निर्णय झाला.

मी एका छोट्या एजन्सीत सब-एजंट म्हणून सुरुवात केली. ७० टक्के माझे, ३० त्यांचे, मासिक शुल्क नाही. पहिले तीन महिने काहीच मिळालं नाही. चौथ्या महिन्यात एका जोडप्याच्या सहलीचं कमिशन आलं. रक्कम लहान होती, पण ती जाऊन आलेल्या, समाधानी माणसांकडून आली होती. आता आठवड्याला पंधरा-वीस तास काम होतं. नोकरीच्या पगाराच्या जवळपासही ही मिळकत जात नाही, आणि येत्या वर्ष-दोन वर्षांत जाईल असं मला वाटत नाही. हे मी विचारणाऱ्या प्रत्येकीला आधीच सांगते.

बहिणीला 'नाही' सांगायला मी तिच्या घरी गेले. फोनवर सांगायचं नव्हतं. वही तिच्यासमोर ठेवली. ती दुखावली. "तुझा माझ्यावर विश्वास नाही," म्हणाली. मी म्हटलं, "तुझ्यावर आहे, त्या ३१ पानांवर नाही." त्यानंतर पाच महिने आमचं बोलणं सणावारापुरतंच उरलं. तो काळ मला जड गेला. नात्यातून आलेला धंदा नाकारला की नातंच नाकारल्यासारखं समोरच्याला वाटतं, आणि या योजना माणसाला पहिल्यांदा नातेवाइकांकडेच पाठवतात.

नूतनीकरणाचा महिना जवळ आला तेव्हा तिचा फोन आला. तोवर तिने पाच जणांना जोडलं होतं. त्यातल्या तिघांनी मध्येच पैसे भरणं थांबवलं, त्यामुळे तिचं शुल्क पुन्हा सुरू झालं होतं. प्रवासाच्या कमिशनपोटी तिला वर्षभरात जे मिळालं ते दोन महिन्यांच्या शुल्काइतकंही नव्हतं. आम्ही दोघी बसून बाहेर पडायचं काम केलं. साइटवर सदस्यत्व बंद करायचं बटणच नव्हतं. करारात शोधलं तेव्हा लेखी कळवायची अट सापडली, तीही नूतनीकरणाच्या तीस दिवस आधी. मुदतीला चारच दिवस उरले होते. ईमेल केला, पोचपावतीसह पत्रही पाठवलं, सगळ्याच्या प्रती ठेवल्या. तरी पुढच्या महिन्यात कार्डावरून पैसे कापले गेले. मग बँकेत जाऊन तो आपोआप कपातीचा आदेशच रद्द केला. हे आधी करायला हवं होतं. कुणी बाहेर पडत असेल तर पत्र आणि बँक ही दोन्ही कामं एकाच दिवशी करा.

त्यानंतर तिने जे केलं ते मी तिला सुचवलेलं नव्हतं. तिने पाचही जणांना एकेक करून स्वतः फोन केला. "माझ्या शब्दावर तू आलीस, म्हणून मीच सांगते," असं म्हणून आपला वर्षाचा हिशेब, आलेले आणि गेलेले पैसे, प्रत्येकीला वाचून दाखवला. दोघी रडल्या. एकीने फोन ठेवून दिला आणि अजून उचललेला नाही. एक म्हणाली, मला कळलंच होतं, पण तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.

पाचवी अजून त्या योजनेत आहे. परवा तिचा मला फोन आला होता. तिच्या साइटवरून एका कुटुंबाने परदेशाची तिकिटं काढली आहेत आणि ट्रान्झिट व्हिसा लागेल का, हे तिला कुणी सांगत नव्हतं. मी तिला सगळ्यांचे पीएनआर क्रमांक पाठवायला सांगितले. दोन वेगळी तिकिटं होती. आम्ही संध्याकाळी बसून ती एका तिकिटावर करून घेतली.